टेबलाच्या पलीकडचा कागद

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. मुलाखतीत गप्पा चांगल्या रंगल्या, समोरची माणसे हसली, तरीही नकार कसा आला, असे तू विचारले आहेस. बरीच वर्षे टेबलाच्या पलीकडे बसलो असल्याने सांगतो, गप्पा रंगणे वेगळे आणि गुण मिळणे वेगळे.

लष्करातील वरिष्ठांनी कनिष्ठांना दिलेले गुण तपासताना मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांना १९२० साली असे आढळले होते, की माणसाविषयीचे एकूण मत बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व अशा स्वतंत्र गुणांच्या मोजमापातही उतरते. या दोषाला आवर घालण्यासाठी अनेक कंपन्या संरचित मुलाखत घेतात, म्हणजे सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारतात, उत्तरे आधी ठरवलेल्या निकषांवर जोखतात आणि आपसांत चर्चा करण्यापूर्वीच प्रत्येकाकडून गुण लिहून घेतात. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली जुन्या संशोधनाची फेरतपासणी केली, तेव्हा नोकरीतील पुढील कामगिरीशी अशा मुलाखतीचा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) सरासरी ०.४२ निघाला, तर मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीचा ०.१९. (०.४२ म्हणजे खात्री नव्हे, हे आम्ही निवडणारे सोयीस्करपणे विसरतो.)

आता तुझ्या उपयोगाचे. एका उमेदवाराला मी अडचणीत सापडलेल्या कामाविषयी विचारले. ‘आम्ही ते वेळेत पूर्ण केले,’ असे तो म्हणाला. त्यात तुमचा वाटा कोणता, हे मी तीन वेळा वेगवेगळ्या शब्दांत विचारले आणि तिन्ही वेळा उत्तर ‘आम्ही’नेच सुरू झाले. बहुतेक भार त्यानेच उचलला असावा, असे मला आतून वाटत होते. परंतु माझ्या कागदावरचा तो रकाना रिकामा राहिला, मी पाचपैकी दोन गुण दिले आणि नंतरच्या चर्चेत त्याची बाजू मांडायला माझ्यापाशी एकही वाक्य नव्हते. त्याच्या विनयाचीच त्याला किंमत मोजावी लागली, याची रुखरुख अजून आहे.

म्हणून समोरच्याला लिहून घेता येईल असे काही देत जा: परिस्थिती दोन वाक्यांत, पर्याय कोणते होते, त्यातला एक तू का निवडलास, आणि परिणाम काय झाला, निर्णय फसला असेल तर तेही. पोशाख, हस्तांदोलन यांची चिंता फार करू नकोस.

मुलाखतीत सांगितलेला एक प्रसंग मला लिहून पाठव. प्रत्येक वाक्यात काम कोणी केले, ते स्पष्ट दिसू दे.

तुझा हितचिंतक