गन लायसन्सचं ट्रेनिंग: घरी बसून किती, रेंजवर किती?

मी टेक्सासमध्ये हँडगन इन्स्ट्रक्टर आहे. इथल्या मराठी मंडळींचे लायसन्सबद्दल बरेच प्रश्न येतात आणि बहुतेक वेळा गाडी एकाच ठिकाणी अडते, ट्रेनिंग घ्यायचं कुठे. म्हणून आज तेवढंच घेतो.

प्रश्न (ह्यूस्टन): एलटीसीचा (लायसन्स टू कॅरी, म्हणजे पिस्तूल जवळ बाळगायचा टेक्सासचा परवाना) क्लास मोबाईलवर पूर्ण केला, सर्टिफिकेटपण आलं. आता रेंजवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या जागी, जायलाच हवं का?

हो, जायलाच हवं. हे लायसन्स २०१६ च्या आधी सीएचएल (कन्सील्ड हँडगन लायसन्स) म्हणून ओळखलं जायचं, तेव्हाही गोळ्या झाडून दाखवाव्या लागायच्या आणि आताही लागतात. ऑनलाइन करायची सूट मिळाली ती फक्त ४ ते ६ तासांच्या थिअरीला, म्हणजे कायदा, भांडण न वाढवता कसं मिटवायचं, घरात लहान मुलं असताना पिस्तूल कसं ठेवायचं वगैरे. रेंजवर मात्र इन्स्ट्रक्टरसमोर ५० गोळ्या झाडायच्या, ३ यार्डांवरून २०, ७ वरून २० आणि १५ वरून १०. २५० पैकी १७५ मार्क मिळाले की पास. मार्कांचं मला फार टेन्शन नसतं, बहुतेक जण काढतात. पण एकदा एका हुशार माणसाच्या पिस्तुलात गोळी अडकली आणि तो "सर, हे बघा ना" म्हणत पिस्तुलासकट सरळ माझ्याकडे वळला, मी मनगट धरून नळी परत टार्गेटकडे केली. थिअरीत त्याचं एकही उत्तर चुकलं नव्हतं! हात कसा वागतो ते स्क्रीनवर कळत नाही हो, म्हणून हा भाग ऑनलाइन नाही हेच बरोबर आहे असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न (फ्रिस्को): मी एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आहे. आई-बाबा पुण्याहून आलेत, ते व्हिजिटर व्हिसावर. रेंजवर भाड्याचं पिस्तूल घेऊन प्रॅक्टिस केली तर चालेल ना?

नाही, आणि कृपा करून हे हलक्यात घेऊ नका. इथे राज्याचा नाही, फेडरल कायदा आडवा येतो. नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायच्या नाहीत, आणि रेंजवर पाच मिनिटं हातात घेतली तरी ते बाळगणंच झालं. चालू हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यातलं काही तुम्हाला लागू होतं का ते आधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. आई-बाबांना त्या दिवशी दुसरीकडे कुठेतरी फिरवून आणा.

प्रश्न (केटी): मित्राची गावाबाहेर पाच एकर जागा आहे. इन्स्ट्रक्टरला तिथेच बोलावलं तर?

जागा कोणाची यापेक्षा शिकवणारा सर्टिफाइड आहे का हे कायदा आधी बघतो. पण पाच एकर म्हटल्यावर मी जरा थांबेन. शहराच्या हद्दीबाहेरच्या सबडिव्हिजनमध्ये (प्लॉट पाडलेल्या वसाहतीत) १० एकर किंवा त्याहून लहान प्लॉटवर गोळीबाराला काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखं स्थानिक प्रशासन) मनाई करू शकते, म्हणून आधी काउंटीत चौकशी करा. आणि टार्गेटच्या मागे मातीचा चांगला उंच बांध नसेल तर परवानगी असली तरी मी येणार नाही.

प्रश्न (कोलंबस, ओहायो): आमच्याकडेपण थिअरी ऑनलाइन आणि गोळीबार प्रत्यक्ष, असंच आहे का?

साधारण तसंच. एकूण ८ तास, त्यातले निदान २ तास प्रत्यक्ष, गोळ्या झाडण्यासकट. व्हर्जिनियात पूर्वी नुसत्या ऑनलाइन कोर्सवर काम व्हायचं, १ जानेवारी २०२१ पासून ते बंद झालं. न्यूयॉर्क तर फारच कडक, २०२२ पासून १६ तास वर्गात बसून आणि वर २ तास रेंजवर. त्यामुळे राज्य बदललं की जुन्या मित्राचा सल्ला विसरा आणि नव्या राज्याचा नियम वाचा.

प्रश्न (ऑस्टिन): रेंजवर पहिल्यांदाच जातेय. काय घालू?

बंद गळ्याचा टी-शर्ट. रिकामं काडतूस उडतं ते चांगलंच तापलेलं असतं आणि मोठ्या गळ्याच्या कुर्त्यात बरोब्बर आत जातं, मग माणूस हातात पिस्तूल असताना नाचायला लागतो, धोका तो आहे. ओढणी नको, पायात बंद बूट. इनडोअर रेंज असेल तर कानात प्लग आणि वरून कान झाकणारे मफ दोन्ही लावा. निघताना साबणाने हात-तोंड स्वच्छ धुवा, कारण हवेत शिशाची बारीक धूळ असते, आणि घरी बाळ असेल तर गेल्यावर त्याला उचलायच्या आधी कपडे बदला.