मसाला घरी, दिरहॅम पर्समध्ये

प्रश्न : मुलाकडे दुबईला महिनाभर चालले आहे. पैसे कसे न्यावेत? मालवणी मसाला चालेल का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : ताई, आधी मसाल्याचं. त्यात खसखस असेल तर डबा घरीच ठेवा. तिथे खसखशीला बंदी आहे. म्हणजे अनारसेही नकोत! पहिल्या खेपेला मी रात्री अकराला बॅग उपसून मसाला जाऊबाईंच्या हवाली केला होता. आमसुलं न्या.

भारतातून रुपये २५,००० पर्यंतच नेता येतात. त्यापेक्षा थोडे दिरहॅम इथेच घ्या, पावतीसकट. कार्डाचा परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून सुरू करून घ्या. दुकानातलं मशीन ‘रुपये की दिरहॅम’ विचारतं. दिरहॅमच दाबा, रुपयांत दर महाग लागतो. आणि पासपोर्टची मुदत सहा महिने तरी उरलीय ना?