एआय एजंटला वापरता यावे म्हणून आमच्या अंतर्गत टूल्सचे डॉक्युमेंटेशन वेगळे लिहावे लागेल का?

वेगळे लिहू नका. आहे तेच पूर्ण लिहा. 'आमचे डॉक्युमेंटेशन माणसांना पुरते, एजंट मात्र चुकतो', असे तुम्ही प्रश्नात म्हटले आहे आणि माझे दुखणे नेमके तिथेच आहे. ते माणसांना पुरत होते, असे मला मुळीच वाटत नाही. माणसे शेजारच्या टेबलावर विचारून घेत होती, एवढेच.

आमच्याकडे ग्राहकांच्या तक्रारी हाताळणारी एक प्रणाली आहे. तिच्यात प्रत्येक तक्रारीची नोंद म्हणजे एक तिकीट, आणि त्यासाठी 'क्लोज_तिकीट' आणि 'आर्काइव्ह_तिकीट' अशी दोन फंक्शन्स आहेत. पहिल्याचे वर्णन होते 'तिकीट क्लोज करते' आणि दुसऱ्याचे 'तिकीट आर्काइव्ह करते', म्हणजे नावच पुन्हा एकदा. प्रत्यक्षात क्लोज केले की ग्राहकाला 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे' असा ईमेल जातो. आर्काइव्ह केले तर कोणालाही काही कळत नाही. ही फंक्शन्स मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलच्या (एआय मॉडेलला बाहेरची टूल्स जोडण्याच्या खुल्या मानकाच्या) सर्व्हरमधून एजंटला उपलब्ध करून देताना आम्ही कोडमधली वर्णने जशीच्या तशी उचलली. मग कोणीतरी एजंटला 'वर्षभर हालचाल नसलेली तिकिटे आवरून टाक' असे सांगितले. त्याने क्लोज निवडले, आणि ज्यांच्या तक्रारींकडे वर्षभर कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते त्या ग्राहकांना निराकरणाचे ईमेल गेले. त्यातल्या त्यात नशीब एवढेच, की शोध घेणारे फंक्शन एका वेळी 50 नोंदी देते आणि पुढचे पान मागवावे लागते हेही वर्णनात नव्हते. त्यामुळे एजंट पन्नासांवर थांबला आणि 'सर्व तिकिटे बंद केली आहेत' असे सांगून मोकळा झाला. एका अर्धवट वर्णनाने केलेले नुकसान दुसऱ्या अर्धवट वर्णनाने आवरले.

नंतरच्या बैठकीत सगळ्यांचा सूर 'मॉडेलच कच्चे आहे' असा होता. मी गिटचा (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीचा) इतिहास उघडून दाखवला. काही वर्षांपूर्वी त्याच फंक्शनवर मी लिहिले होते: 'क्लोज केल्यावर ग्राहकाला लगेच ईमेल जातो आणि तो परत घेता येत नाही. ग्राहकाला कळवायचे नसेल तर आर्काइव्ह वापरा.' कोड रिव्ह्यूमध्ये एका वरिष्ठ सहकाऱ्यांनी 'हे सर्वांना माहीत आहे' असा शेरा मारून या दोन्ही ओळी काढायला लावल्या होत्या. चांगल्या कोडला टिप्पणी लागत नाही, हे त्यांचे आवडते मत. दरम्यान दोन नवीन सहकाऱ्यांनीही अगदी हीच चूक केली होती, पण तेव्हा तिला 'अनुभवाची कमतरता' म्हटले गेले. काय घडते हे कोड सांगतो. दोनपैकी कोणते केव्हा वापरू नये, हे तो सांगत नाही. शिवाय सर्व्हरमागचा कोड एजंटला दिसतच नाही. त्याच्यापुढे फंक्शनचे नाव, वर्णन आणि पॅरामीटरांची जेसन स्कीमा (कोणते इनपुट कोणत्या स्वरूपात हवे याचा आराखडा) एवढेच येते. यात नवे काही नाही. 1971 च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्येही कमांडच्या पानांवर 'सी ऑल्सो' आणि 'बग्ज' असे मथळे होते; कशाशी गल्लत होऊ शकते आणि कुठे फसगत होईल, हे सांगण्याची गरज तेव्हाही कळलेली होती.

तेव्हा आधी परिणाम लिहा: काय बदलते, कोणाला कळते, परत फिरता येते का. पॅरामीटरला नुसते 'तारीख' म्हणू नका, कारण 03/04/2025 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च हे तुम्ही सांगितल्याशिवाय ठरत नाही; आयएसओ 8601 प्रमाणे 2025-04-03 असे उदाहरणच द्या. मोजकीच मूल्ये चालत असतील तर ती स्कीमातच ईनम (चालणाऱ्या मूल्यांची ठरलेली यादी) म्हणून बांधून टाका. त्रुटीचा संदेशही डॉक्युमेंटेशनच आहे. 'अवैध इनपुट' वाचून एजंट अंदाजाने पुन्हा प्रयत्न करतो, तर 'प्रायॉरिटी 1 ते 4 मधील पूर्णांक हवा, 7 मिळाला' हे वाचून तो बहुधा स्वतःच दुरुस्ती करतो.

याचा अर्थ प्रत्येक फंक्शनवर निबंध लिहावा असा नाही. एजंटला दिलेल्या टूल्सची वर्णने सहसा प्रत्येक संभाषणाच्या कॉन्टेक्स्टमध्ये (मॉडेलपुढे त्या वेळी असलेल्या मजकुरात) जातात, जागा खातात आणि एकमेकांसारखी असली तर गोंधळ वाढवतात. आणि वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये एखादे टूल विध्वंसक असल्याची खूण करता येते, पण ती केवळ सूचना असते. अडवायचे असेल तर परवानगी सर्व्हरवरच तपासावी लागते. हे आम्ही घटनेनंतर केले, आधी करायला हवे होते, आणि ती चूक माझीही होती.

त्या दोन ओळी मी इतिहासातून शब्दशः उचलून परत टाकल्या. रिव्ह्यू त्याच वरिष्ठांकडे गेला. काही मिनिटांत मंजुरी आली, सोबत शेरा होता: 'छान, एजंटसाठी उपयुक्त.'