यादीत एमपी४ कुठे गेलं? व्हिडिओ एक्स्पोर्टविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच अडचण आहे: एडिटिंग पूर्ण झालं, पण व्हिडिओ बाहेर काढायचा हवा तो पर्यायच दिसत नाही. उत्तरांआधी एक कळकळीची विनंती. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकायची घाई करू नका. खालच्या एकाही प्रश्नावर तो उपाय नाही आणि त्यात अर्धा दिवस सहज जातो.

प्रश्न: अडोबीच्या प्रीमिअर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये फाइल मेन्यूतून 'एक्स्पोर्ट'वर गेलं की 'मीडिया' फिकट दिसतं, क्लिकच होत नाही. कालपर्यंत सगळं व्यवस्थित होतं.

काल एक्स्पोर्टच्या आधीचं तुमचं शेवटचं क्लिक टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप ओळीने लावलेल्या पट्टीवर, होतं, आज ते दुसरीकडे पडलंय. बहुतेक वेळा एवढाच फरक असतो. काय एक्स्पोर्ट करायचं हे प्रीमिअर त्या क्षणी चालू असलेल्या पॅनलवरून ठरवतं. स्क्रीनकडे नीट पाहिलंत तर एका पॅनलभोवती बारीक निळी चौकट दिसेल. ती प्रोजेक्ट पॅनलभोवती असेल आणि तिथे काहीच निवडलेलं नसेल किंवा नुसता फोल्डर निवडलेला असेल, तर एक्स्पोर्ट करण्याजोगं हाती काही नाही, म्हणून मेन्यू फिकट. टाइमलाइनच्या रिकाम्या जागेत एकदा क्लिक करा, चौकट तिथे आली की कंट्रोल-एम दाबा, मॅकवर कमांड-एम.

टाइमलाइनच रिकामी दिसत असेल, तर सीक्वेन्स (तुम्ही क्लिप जोडून केलेला व्हिडिओ) उघडलेला नाही. प्रोजेक्ट पॅनलमध्ये त्यावर डबल-क्लिक करा. एवढं करूनही मेन्यू फिकटच राहिला, तर प्रीमिअर बंद करा आणि ऑल्ट, मॅकवर ऑप्शन, दाबून धरून पुन्हा सुरू करा. प्रेफरन्सेस मूळ स्थितीत आणायची सोय समोर येते. प्रोजेक्टला त्याने धक्का लागत नाही.

याचीच दुसरी बाजू जास्त नुकसान करते. प्रोजेक्ट पॅनलमध्ये एखादी क्लिप निवडलेली असेल तर एक्स्पोर्ट सुरू होतं, पण बाहेर येते ती नुसती कच्ची क्लिप. म्हणून एक्स्पोर्टचं बटण दाबण्याआधी वर दिसणारं नाव सीक्वेन्सचंच आहे ना, ते बघायची सवय लावून घ्या.

प्रश्न: फॉरमॅटच्या यादीत एमपी४ नाहीच. काही वेगळं इन्स्टॉल करावं लागतं का?

नाही. प्रीमिअर आणि त्याच्या जोडीच्या मीडिया एन्कोडर या फाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते 'एच.२६४' या नावाने आहे. ते निवडा, फाइल एमपी४ होऊनच बाहेर पडेल. गोंधळ होतो कारण एमपी४ हा डबा आहे आणि एच.२६४ ही त्यात माल भरायची पद्धत. काही सॉफ्टवेअर डब्याचं नाव दाखवतात, काही पद्धतीचं. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटरच्या डिलिव्हर पानावर 'फॉरमॅट' (डबा) आणि 'कोडेक' (भरायची पद्धत) असे दोन वेगळे रकाने आहेत, आणि वरचा बदलला की खालची यादी बदलते. तिथे हवा तो कोडेक दिसत नसेल, तर आधी फॉरमॅटचा रकाना तपासा.

त्याच पत्रात विचारलंय की रुंदी, उंची आणि फ्रेम रेटचे (सेकंदाला किती चित्रं) रकाने बदलताच येत नाहीत. प्रत्येकाशेजारी एक बारीक चौकोन आहे. त्यात खूण असेपर्यंत ती किंमत मूळ सीक्वेन्सवरून घेतली जाते. खूण काढली की रकाना खुला होतो. एच.२६४साठी रुंदी-उंची सम संख्येत ठेवा. १०७९सारखी विषम उंची दिली की काही सॉफ्टवेअर रेंडर, म्हणजे अंतिम फाइल बनवणं, सुरूच करत नाहीत.

आफ्टर इफेक्ट्स हे अडोबीचं इफेक्ट्सचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी: तिथल्या रेंडर क्यूमधून (फाइल बनवायच्या कामांच्या रांगेतून) मधली काही वर्षं एच.२६४ खरोखरच काढून टाकलं होतं; २०२३च्या आवृत्तीत ते परत आलं. त्याआधीची आवृत्ती असेल तर कॉम्पोझिशन मेन्यूतून काम मीडिया एन्कोडरच्या रांगेत पाठवा. मीडिया एन्कोडर त्याच वर्षाच्या आवृत्तीचा हवा, नाहीतर रांगेत काही पोचतच नाही.

प्रश्न: लिनक्सवर दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती वापरतो. एच.२६४ आणि एच.२६५ दोन्ही यादीत नाहीत.

तुमच्या मशीनमध्ये काही बिघडलेलं नाही. लिनक्सवरच्या मोफत आवृत्तीत हे दोन्ही कोडेक दिलेलेच नाहीत, त्यामुळे ड्रायव्हर बदलून ते येणार नाहीत. एकतर विकतची स्टुडिओ आवृत्ती घ्या, नाहीतर दोन टप्प्यांत काम करा. दुसरा मार्ग आम्ही मोकळ्या मनाने सुचवतो, कारण दर्जात डोळ्याला जाणवेल असा फरक पडत नाही.

पहिला टप्पा रिझॉल्व्हमध्ये. फॉरमॅट 'क्विकटाइम', कोडेक 'डीएनएक्सएचआर', प्रकार 'एचक्यू', ऑडिओ 'लिनिअर पीसीएम'. आधी डिस्कवर जागा बघा: १०८०पी, सेकंदाला २५ फ्रेम असेल तर दहा मिनिटांच्या व्हिडिओला १३ ते १४ जीबी लागतात. जागा संपली की रेंडर मध्येच तुटतं.

दुसरा टप्पा हँडब्रेकमध्ये. फाइलचा प्रकार बदलणारं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. ती मोठी फाइल त्यात उघडा, फॉरमॅट एमपी४ आणि एन्कोडर एक्स२६४ (एच.२६४ बनवणारा) ठेवा. फ्रेम रेट मूळ फाइलएवढाच आणि 'कॉन्स्टंट' निवडा, नाहीतर लांब व्हिडिओत पुढे आवाज आणि ओठ जुळेनासे होऊ शकतात. दर्जासाठी आरएफ २० पासून सुरुवात करा. हा आकडा जितका लहान, तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. इंटरनेटवर टाकायचं असेल तर 'वेब ऑप्टिमाइझ्ड'वर खूण करा. तयार एमपी४ शेवटपर्यंत बघून झाल्यावरच मोठी फाइल उडवा.

फेडोरा या लिनक्सवर केडीएनलाइव्ह हा एडिटर वापरणाऱ्यांनाही एच.२६४ दिसत नाही, पण तिथलं कारण वेगळं आहे. पेटंटमुळे फेडोराच्या स्वतःच्या भांडारातल्या एफएफएमपेगमध्ये (एडिटरच्या मागे राहून फाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) तो एन्कोडर नसतो. फ्लॅटहब या अॅपच्या भांडारावरचं केडीएनलाइव्ह घ्या किंवा आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या भांडारातून पूर्ण एफएफएमपेग टाका. विंडोजवरही असाच एक प्रकार आहे. सेटिंग्जच्या 'सिस्टम'मध्ये 'अबाउट' उघडा. आवृत्तीच्या नावात शेवटी 'एन' हे अक्षर असेल तर मायक्रोसॉफ्टचे मीडियाचे भाग त्यात नाहीत आणि त्यांच्यावर विसंबणारे एडिटर अडतात. 'ऑप्शनल फीचर्स'मधून 'मीडिया फीचर पॅक' टाका आणि मशीन रीस्टार्ट करा.

प्रश्न: शूटिंग ४केमध्ये केलं आहे, पण मॅकवर आयमूव्ही फाइल बनवताना १०८०पीच्या वर जाऊच देत नाही.

आयमूव्हीत प्रोजेक्टचं रिझोल्यूशन वेगळं निवडता येत नाही. टाइमलाइनवर पडलेली पहिली क्लिप ते ठरवते, आणि फ्रेम रेटही. तुमच्या प्रोजेक्टची सुरुवात बहुधा जुन्या १०८०पी क्लिपने झाली. ती नंतर काढून टाकली तरी ठरलेलं बदलत नाही.

नवा प्रोजेक्ट उघडा. त्यात सर्वांत आधी ३८४० बाय २१६०ची, हव्या त्या फ्रेम रेटची एक क्लिप टाका. मग जुन्या प्रोजेक्टमध्ये जाऊन कमांड-ए, कमांड-सी करा, नव्यात परत या, त्या क्लिपच्या शेवटी कमांड-व्ही. सगळं आल्यावर पहिली क्लिप काढा. आता फाइल मेन्यूतल्या 'शेअर'मध्ये रिझोल्यूशनच्या यादीत ४के दिसेल. पाठीमागचं संगीत आणि शीर्षकं जागेवर आहेत ना, ते मात्र एकदा पूर्ण बघून घ्या.

प्रश्न: प्रीमिअरमध्ये 'हार्डवेअर एन्कोडिंग' (ग्राफिक्सच्या चिपकडून फाइल बनवून घेणं) निवडताच येत नाही. ग्राफिक्स कार्ड तर आहे.

बिटरेटच्या ठिकाणी 'व्हीबीआर, २ पास' असेल तर 'व्हीबीआर, १ पास' करा. दोन पासचं, म्हणजे व्हिडिओवरून दोनदा फिरून करायचं, काम सॉफ्टवेअरनेच होतं. मग फ्रेमची रुंदी बघा. एच.२६४मध्ये ती ४०९६च्या वर गेली की कार्ड हात वर करतं, तिथे एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, वापरा. दोन्ही ठीक असतील तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत करा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावात शेवटी 'एफ' आहे त्यांत अंगभूत ग्राफिक्स नसतं, त्यामुळे त्यांच्याकडून क्विक सिंकची (इंटेलच्या अंगभूत हार्डवेअर एन्कोडिंगची) अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न: पारदर्शक पार्श्वभूमीचा लोगो हवा आहे, पण 'अल्फा'चा (पारदर्शकतेचा) पर्याय गायब आहे.

एच.२६४ निवडलेलं असणार. त्यात पारदर्शकता साठवायची सोयच नाही, म्हणून पर्याय दिसत नाही. क्विकटाइम आणि 'प्रोरेस ४४४४' घ्या. प्रीमिअरमध्ये 'डेप्थ'च्या यादीत 'प्लस अल्फा' असलेली ओळ निवडा, आफ्टर इफेक्ट्समध्ये आउटपुट मोड्यूलच्या 'चॅनल्स'मध्ये 'आरजीबी प्लस अल्फा'. नावात ४२२ असलेल्या प्रोरेसमध्ये अल्फा मिळत नाही. यादीत दोन्ही शेजारी असल्याने चुकून तेच निवडलं जातं आणि लोगोमागे काळा चौकोन येतो.