भोंगा ऐकू येणार नाही, मग धरण कसे दाखवायचे?

(दिवाळीनंतर शाळांच्या सहली सुरू होतात आणि त्यांच्याविषयीची पत्रेही येऊ लागतात. या वेळी चार पत्रे एकाच विषयाची आहेत. कर्णबधिर मुलांना बसने पैठणला नेऊन जायकवाडी धरण दाखवायचे आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे दिलेली नाहीत.)

प्रश्न : मी पुण्यातील कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. इयत्ता सातवी ते नववीची चौतीस मुले पैठणला न्यायची आहेत. धरणावरचे अभियंते माहिती सांगतील आणि आमची दुभाषी ती सांकेतिक भाषेत सांगेल, अशी योजना आहे. मागच्या वर्षीच्या सहलीत मात्र मुलांच्या फारसे काही लक्षात राहिले नाही. काय चुकले असावे?

उत्तर : योजनेत दोष नाही, क्रमात आहे. ऐकू येणारे मूल धरणाकडे पाहत पाहत माहिती ऐकते, कारण त्याचे डोळे आणि कान वेगवेगळी कामे करतात. आपल्या मुलांना दोन्ही कामे डोळ्यांनीच करावी लागतात. धरण पाहावे तर दुभाषीच्या हातांवरची नजर सुटते, आणि हात पाहावेत तर धरण पाठीमागे राहते. हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. काही वर्षांपूर्वी एका धरणाच्या भिंतीवर उभे राहून अभियंत्यांनी वीस मिनिटे उत्तम माहिती दिली. संध्याकाळी मुक्कामी मुलांना चित्रे काढायला सांगितली, तेव्हा अकरा मुलांनी टोपी घातलेले साहेब आणि त्यांच्या शेजारी हात हलवणाऱ्या आमच्या बाई हुबेहूब काढल्या होत्या. धरण म्हणजे त्यांच्या मागची एक आडवी रेघ होती. मुलांनी अर्थातच जे पाहिले तेच काढले होते.

म्हणून सांगणे आणि पाहणे यांची फारकत करा. आधी सांगा, मग हात पूर्णपणे खाली घ्या, मुलांना वळू द्या, दोन-तीन मिनिटे कोणीही काही बोलू नका, आणि त्यानंतर पुन्हा गोल करून त्यांनी काय पाहिले ते त्यांना विचारा. माहिती एक तृतीयांशच होईल, पण ती राहील. दुभाषीला उन्हाकडे तोंड करून उभे करा, मुलांच्या डोळ्यांवर ऊन येऊ देऊ नका, आणि शक्य असेल तर दुसरी व्यक्ती बरोबर ठेवा. वीस-पंचवीस मिनिटे सलग भाषांतर केल्यावर हात थकतात आणि त्यापेक्षा डोके अधिक थकते.

यापेक्षा मोठे काम बस निघण्याच्या आधीचे आहे. ऐकू येणारे मूल जेवताना, बातम्या चालू असताना, शेजाऱ्यांच्या गप्पांतून ‘जायकवाडी साठ टक्क्यांवर गेलं’, ‘दरवाजे उघडले’ असे शब्द कोणी न शिकवताच उचलते. आपल्या मुलांच्या वाट्याला हे फुकटचे शिक्षण येत नाही, आणि त्यांना हा शब्द प्रथम छापील ओळीत भेटतो. ‘धरणाचे अठरा दरवाजे उघडले’ हे वाचून आमच्या एका मुलाने कडी-कोयंड्याचे अठरा दरवाजे काढले होते. ‘विसर्ग’ म्हणजे धरणातून सोडलेले पाणी, पण हा शब्द मुलांना व्याकरणातल्या दोन टिंबांमुळे माहीत असतो. ‘पाणी पेटले’ हा मथळा वाचून एका मुलीने मला अगदी गंभीरपणे विचारले होते की, मग ते विझवायचे कशाने? तेव्हा सहलीपूर्वी आठवडाभर भिंत, जलाशय, सांडवा (जादा पाणी बाहेर जाण्याची वाट), दरवाजा, कालवा, विसर्ग हे सहा-सात शब्द फोटोंसह वर्गात लावा. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशात २०२१ मध्ये शब्दांची संख्या १०,००० झाली. त्यात खूण सापडली तर तीच वापरा, आणि नसेल तर मुलांकडूनच वर्गापुरती खूण ठरवून घ्या. जायकवाडीचे २७ दरवाजे वक्राकार आहेत. ते दारासारखे उघडत नाहीत, तर कमानीसारखे वर उचलले जातात आणि पाणी त्यांच्या खालून निघते. आमच्या मुलांनी डावा हात कोपरात वाकवून हळूहळू वर नेला आणि उजव्या हाताची बोटे त्याच्या खालून सळसळत पुढे काढली. दरवाजाचे काम याहून नेमके सांगणारे वाक्य मला मराठीत अजून जमलेले नाही.

भिंत तळाशी रुंद का असते, यासाठी प्लास्टिकच्या बाटलीला वर, मध्ये आणि खाली अशी तीन भोके पाडून पाण्याच्या धारा दाखवण्याचा प्रयोग सर्वांना ठाऊक आहे. मात्र बाटली टेबलावरच ठेवली तर मधल्या भोकाची धार सर्वांत लांब पडते आणि शिक्षकांचीच पंचाईत होते, कारण खालची धार वेगवान असली तरी तिला पडायला उंचीच मिळत नाही. बाटली उंच स्टुलाच्या कडेवर ठेवा आणि धारा जमिनीवर पडू द्या, म्हणजे खालची धार सर्वांत दूर जाईल. शिवाय मुलांना प्रत्येक भोकावर बोट दाबून धरायला लावा. खालच्या भोकावरचा जोर बोटालाच कळतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाका, नाहीतर मुले गावभर ‘जायकवाडी’ शोधत बसतील. धरण पैठणला आहे. जायकवाडी हे बीड जिल्ह्यातील गाव असून मूळ योजना तिथली होती. जागा बदलली तरी नाव तेच राहिले. लालबहादूर शास्त्री यांनी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पायाभरणी केली आणि इंदिरा गांधी यांनी २४ फेब्रुवारी १९७६ रोजी उद्घाटन केले. भिंत सुमारे १० किलोमीटर लांब आणि बहुतांश मातीची आहे. ‘मातीची’ म्हटल्यावर मुलांचे डोळे विस्फारतात. तिथे थोडे थांबा.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे, कानाला मशीन लावतो. धरणातून पाणी सोडण्याआधी भोंगा वाजवतात असे ऐकले आहे. त्याला तो ऐकू येणार नाही, या काळजीने मी परवानगीपत्रावर सही केलेली नाही. मी चुकते आहे का?

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. धरणावरची सावधगिरी खरोखरच कानाच्या भरवशावर आखलेली असते. भोंगा, ध्वनिक्षेपक, पहारेकऱ्याची शिट्टी आणि ‘अरे, मागे ये’ अशी शिक्षकांची हाक, हे सारे आपल्या मुलाच्या दृष्टीने नसल्यातच जमा आहे. म्हणून सही नाकारण्याऐवजी सही करण्यापूर्वी शाळेला तीन गोष्टी विचारा, असे मी सुचवेन.

पहिली, मुले धरणाच्या खालच्या अंगाला, नदीपात्रात उतरणार आहेत का? उत्तर ‘थोडा वेळ, पाय भिजवायला’ असे असले तरी नकार द्या. वीजनिर्मितीसाठी किंवा अन्य कारणाने पाणी केव्हाही सुटू शकते आणि कोरडे दिसणारे पात्र बघता बघता भरते. दुसरी, मोठी माणसे कोठे उभी राहणार? सहसा शिक्षक मुलांच्या मागे चालतात. पळत्या कर्णबधिर मुलाला मागून थांबवता येत नाही, त्यामुळे मोठ्या माणसांनी मुले आणि पाणी यांच्या मध्ये, मुलांकडे तोंड करून उभे राहायला हवे. तिसरी, धोक्याची खूण कोणती आहे आणि तिची तालीम झाली आहे का? लाल कापड उंच धरले की हातातले सोडून ठरलेल्या जागी यायचे, ज्याने कापड पाहिले त्याने आपल्या जोडीदाराच्या खांद्यावर थाप मारून त्याला आणायचे, इतके साधे पुरते. पण ते शाळेच्या मैदानावर पाच-सहा वेळा, मुले खेळात रंगलेली असताना करून पाहिलेले असले पाहिजे. भोंगा कोणत्या कारणाने आणि केव्हा वाजतो, हे शिक्षकांनी धरणावरच्या कर्मचाऱ्यांना आधी विचारून ठेवावे.

मशीनबद्दल थोडे. जास्तीचे सेल द्या, ओल शोषणारी डबी द्या आणि डबीवर नाव लिहा. भिंतीवर वारा जोराचा असतो आणि मशीनमध्ये त्याची नुसती घरघर येते, त्यामुळे मुलाने तेथे मशीन बंद केले तर त्याला रागावू नका. वीजगृह पाहण्याची परवानगी मिळाली, तर तिथल्या गोंगाटात मशीन चालू ठेवणे त्रासाचेच ठरते. बरोबरच्या एखाद्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेले श्रवणयंत्र) असेल, तर वीजगृहात जाण्याबाबत त्याच्या ऑडिओलॉजिस्टना, म्हणजे श्रवणतज्ज्ञांना, आधी विचारावे आणि इम्प्लांटचे ओळखपत्र त्याच्या खिशात ठेवावे.

प्रवासाविषयी आपण विचारले नाही, तरी सांगतो. धावत्या बसमध्ये शिक्षकांनी मागे तोंड करून उभे राहून खुणांनी काही शिकवू नये. जे सांगायचे ते थांब्यावर. अंधार पडल्यावर आतला दिवा लावल्याशिवाय मुलांना आपसात बोलता येत नाही, आणि दिवा लावला की समोरच्या काचेवर प्रतिबिंब पडून चालक वैतागतो, यात त्याचेही चूक नसते. सबब उजेडी परत येईल असेच वेळापत्रक हवे. शालेय सहलीला एसटीच्या भाड्यात ५० टक्के सवलत मिळते, तेव्हा खासगी बस स्वस्त पडते म्हणून रात्रीचा प्रवास करायचा, हे कारण शाळेने पुढे करू नये.

प्रश्न : मी पाटबंधारे खात्यात अभियंता आहे. आमच्याकडे कर्णबधिर विद्यार्थ्यांची सहल येणार आहे. मोठ्याने आणि सावकाश बोललो तर त्यांना समजेल का? मला खुणांची भाषा येत नाही.

उत्तर : साहेब, आपण विचारलेत यातच निम्मे काम झाले. मोठ्याने बोलू नका. ओरडताना तोंडाचा आकार बिघडतो आणि जी मुले ओठ वाचतात त्यांनाही काही कळेनासे होते. नेहमीच्या गतीने, छोट्या वाक्यांत बोला आणि दुभाषीकडे न पाहता मुलांकडे पाहून बोला. ‘त्यांना विचारा, समजले का’ असे दुभाषीला म्हणू नका. ‘समजले का’ असे मुलांनाच विचारा. तेवढ्यानेही समाधान मानू नका, कारण पाहुण्यांसमोर ‘समजले’ म्हणून मान हलवण्याची सवय या मुलांना फार लवकर लागते. त्यापेक्षा ‘दरवाजा कसा उघडतो ते करून दाखव’ म्हणा.

बोलण्यापेक्षा हाताला काही द्या. दरवाजा उचलणारा दोर किती जाड आहे ते हाताने धरून पाहू द्या, नकाशाचा मोठा कागद जमिनीवर पसरून डावा कालवा २०८ किलोमीटर आणि उजवा १३२ किलोमीटर बोटाने फिरवून दाखवा. यंत्र चालू असेल तर सुरक्षित जागी कठड्यावर तळहात ठेवायला सांगा. ज्याला आपण आवाज म्हणतो तो त्यांच्या हातात कंपन होऊन पोहोचतो आणि त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसते ते पाहण्यासारखे असते. शेवटी टाळ्या वाजल्या नाहीत तर गैरसमज करून घेऊ नका. दोन्ही हात वर करून पंजे फिरवणे, ही त्यांची टाळी आहे.

प्रश्न : मी कर्णबधिर शाळेत नववीत शिकते. आम्ही जायकवाडीला जाणार आहोत. पेपरात एकदा ‘जायकवाडी शून्य टक्के’ असे वाचले, पण फोटोत पाणी दिसत होते. आणि ‘पाणीपातळी १५२२ फूट’ असेही वाचले. धरण इतके खोल आहे का?

उत्तर : बाळ, तुझे दोन्ही प्रश्न इतके चांगले आहेत की ते तू पैठणलाही विचारावेस.

पेपरातला टक्का सगळ्या पाण्याचा नसतो. कालव्यांत आणि नळांसाठी नेहमी वापरता येते, त्या पाण्याला ‘उपयुक्त साठा’ म्हणतात आणि टक्का त्याचाच सांगतात. त्याच्या खाली, तळाशी जे पाणी उरते त्याला ‘मृत साठा’ म्हणतात. ते पाणी मेलेले नसते, त्यात मासे असतात. नाव फक्त तसे पडले आहे. जायकवाडीत एकूण पाणी २९०९ दशलक्ष घनमीटर मावते, त्यातले २१७१ उपयुक्त आहे. वजाबाकी केलीस तर ७३८ उरतील. म्हणजे शून्य टक्के लिहिलेले असतानाही सुमारे २६ टीएमसी पाणी तिथे असते. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. पाणी सोडताना ‘क्युसेक’ हा शब्द येतो. एक क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. तुमच्या शाळेत वीस लिटरचा पाण्याचा जार असेल, तो एका सेकंदाच्या आत भरून वर सांडू लागेल, इतके. एक लाख क्युसेकने पाणी सोडले, तर एक टीएमसी संपायला पावणेतीन तास लागतात.

आता १५२२ फूट. ही पाण्याची खोली नाही. ही उंची समुद्रापासून मोजलेली आहे. पैठणची जमीनच समुद्रापेक्षा पुष्कळ उंच आहे आणि तिच्यावर धरण उभे आहे. धरणाची स्वतःची उंची सुमारे ४१ मीटर, म्हणजे १३५ फुटांच्या आसपास आहे. धरण पूर्ण भरले की पाण्याची पातळी समुद्रापासून १५२२ फुटांवर येते. धरणावर गेल्यावर पाणी मोजण्याची पट्टी कोठे आहे ते साहेबांना विचार, त्या दिवसाचा आकडा वहीत लिहून घे, आणि तो १५२२ मधून वजा कर, म्हणजे धरण भरायला अजून किती फूट बाकी आहेत ते कळेल.