'सोलगायिका' की 'आत्मगायिका'?

अमेरिकन गायिका अरीथा फ्रँकलिन यांच्यावर लेख लिहिणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, त्यांच्या नावामागे इंग्रजीत लागणारे 'सोल सिंगर' हे बिरुद मराठीत 'आत्मगायिका' असे लिहावे, की सरळ 'भावगीतगायिका' म्हणून मोकळे व्हावे.

माझ्या मते दोन्ही टाळावेत. 'आत्मा' म्हटला की मराठी वाचकाचे मन अभंगाकडे किंवा वेदान्ताकडे वळते, आणि 'भावगीत' म्हटले की पेटी-तबल्याच्या साथीने गायिलेली कविता डोळ्यांसमोर येते. संगीतातले 'सोल' हे मात्र एका विशिष्ट समाजाच्या इतिहासातून आलेले नाव आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये आत्म्याच्या उद्धाराची भाषा रोजची होती. तिथल्या एका नामांकित गॉस्पेल (म्हणजे चर्चमधली भक्तिगीते गाणाऱ्या) चमूचे नावच 'सोल स्टिरर्स' होते. तीच गायकी, म्हणजे एकाच अक्षरावर स्वर खेळवणे, मुख्य गायकाच्या ओळीला इतरांनी प्रतिसाद देणे, मध्येच आर्त हाक फोडणे, १९५०च्या दशकात गायक रे चार्ल्स यांच्यासारख्यांनी ऐहिक प्रेमगीतांत आणली, तेव्हा चर्चमधल्या अनेकांना ते मुळीच रुचले नाही. 'बिलबोर्ड' या अमेरिकन संगीत-साप्ताहिकात कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय गाण्यांची यादी १९४९पर्यंत 'रेस रेकॉर्ड्स' या नावाने येई. त्याऐवजी 'रिदम अँड ब्लूज' हे नाव सुचवणारे जेरी वेक्सलर तेव्हा तिथेच नोकरीला होते. १९६९मध्ये त्याच यादीला 'सोल' हे नाव मिळाले.

गंमत अशी की, हेच वेक्सलर पुढे अरीथा यांचे निर्माते झाले. १९४२ साली मेम्फिसमध्ये जन्मलेल्या अरीथा डेट्रॉइटमध्ये, धर्मोपदेशक वडिलांच्या चर्चमध्ये गात वाढल्या. १९६०पासून कोलंबिया कंपनीने त्यांच्याकडून बरीचशी जाझच्या वळणाची गाणी गाऊन घेतली, पण म्हणावे तसे यश आले नाही. १९६७मध्ये वेक्सलर यांनी अटलांटिक कंपनीत त्यांना पियानोवर बसवून चर्चच्या धाटणीने गाऊ दिले. गायक ओटिस रेडिंग यांच्या 'रिस्पेक्ट' या मूळ गाण्यात घरी परतलेला पुरुष बायकोकडे आदर मागतो. अरीथा यांनी ती मागणी स्त्रीच्या तोंडी घातली, 'रिस्पेक्ट' (आदर) या शब्दाचे एकेक अक्षर सुटे करून म्हटले आणि मागे बहिणींचा प्रतिसाद ठेवला. 'सोल' म्हणतात ते हेच, आणि 'आत्मगायिका' या शब्दातून त्याचा मागमूसही लागत नाही.

लिहिताना 'पॉपगायक', 'जाझगायक' यांच्याप्रमाणे 'सोलगायिका' असे जोडून लिहावे. सुटा 'सोल' शक्यतो 'सोल संगीत' असाच वापरावा, नाहीतर बुटाचा तळ किंवा दक्षिण कोरियाची राजधानी मध्ये डोकावते. मात्र १९७२मध्ये लॉस एंजेलिसच्या चर्चमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या त्यांच्या अल्बमविषयी लिहायचे असेल, तर तिथे 'गॉस्पेलगायिका' हाच शब्द योग्य ठरेल, कारण ती गाणी ऐहिक नसून उपासनेची आहेत.