वाचकांचे प्रश्न : व्हायरस आलेला टोमॅटो खायचा का फेकायचा?

प्रश्न : दादा, आम्ही जुळे सोलापुरात राहतो, सासर मोहोळकडचं. भाऊजींच्या टोमॅटोच्या प्लॉटला व्हायरस आला, व्यापारी घेईना म्हणून दोन क्रेट इकडं पाठवले. फळ अर्धं लाल अर्धं पिवळं, मधी हिरवे पट्टे. शेजारच्या काकू म्हणाल्या लेकरांना देऊ नका. लम्पीच्या टायमाला पण आम्ही महिनाभर दूध बंद केलं होतं. हे झाडाचे न जनावराचे व्हायरस माणसाला खरंच होतात का?

उत्तर : ताई, टोमॅटोचं आधी सांगतो, खा बिनधास्त. फळ कडक लागंल, चवीला पाणचट, पण त्यानं कुणी आजारी पडत नाही. झाडाचा व्हायरस झाडाच्या पेशीत घुसतो तो पांढरी माशी, मावा, फुलकिडे यांच्या तोंडातनं किंवा पानाला जखम झाली तर. आपल्या पेशीत शिरायला त्याच्याकडं किल्लीच नाही. गंमत म्हणजे मिरचीवरचा एक व्हायरस जगभर माणसांच्या विष्ठेत सापडतो, खाल्ला तसाच बाहेर, इतका की सांडपाणी तपासणारे लोक त्याचीच खूण धरतात. आपण सोलापूरकर तर रोज शेंगा चटणी खातो, म्हणजे मोजायलाच नको.

2020 च्या मे महिन्यात नारायणगाव-संगमनेर पट्ट्यात असाच 'तिरंगा' टोमॅटो आला होता. नमुने बेंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेत गेले, त्यात काकडीवरचा मोझॅक व्हायरस निघाला. तोवर एका चॅनेलनं हा करोनापेक्षा भयानक वगैरे सांगून टाकलं आणि ज्यांचा माल एकदम चांगला होता त्यांचं पण गिऱ्हाईक तुटलं. आधीच लॉकडाऊन, त्यात हे. माझ्या मते त्या वर्षी रोगापेक्षा अफवेनंच जास्त मारलं.

भाऊजींना एक सांगा, व्हायरसवर औषध नाही, दुकानदार कुठली का बाटली देईना. पहिली चार-दोन झाडं चुरडा झालेली दिसली की उपटून लांब पुरायची, रोपं नेटमधली घ्यायची, कडंनं मका लावायचा, पिवळे चिकट सापळे टांगायचे, म्हणजे माशी आवरायची. (आणि डाळिंबावरच्या तेल्याला पण लोक व्हायरस म्हणतात, तो बॅक्टेरिया आहे, त्याचे उपाय वेगळे, केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात विचारा.)

आता जनावरांचं. इथं सरसकट 'होत नाही' म्हणता येत नाही. पिसाळलेलं कुत्रं चावलं तर रेबीज होतो आणि एकदा लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल. पण लम्पी गाई-म्हशींचा, माणसाला होत नाही, दूध उकळून घ्या बास. 2022 ला मी सांगोल्याकडं एक खिल्लार बैल बघितला होता, मानेपासनं फऱ्यापर्यंत रुपयाच्या नाण्याएवढ्या गाठी, पाय सुजलेले, आणि मालक कडूलिंबाचा पाला घेऊन माशा हाकत बसलेला, कारण माशा, डास, गोचीड हेच तो पसरवतात. लस म्हणून शेळ्यांच्या देवीची लस टोचली जात होती. जनावरांचे बाजार बंद. आता बाजार बंद म्हणजे पेरणीला बैल घ्यायचाय तो अडकला, लेकीच्या लग्नाला विकायचाय तो पण अडकला. व्हायरस माणसाला झाला नाही, पण घर त्यानंच बुडवलं.

जुनी माणसं बुळकांडी म्हणतात ना, ती पण गुरांचीच. 1890 च्या सुमाराला ती आफ्रिकेत गेली, इथिओपियात बैल मेले, नांगर थांबला, दुष्काळ पडला न माणसं उपाशी मेली. लसीकरण करत करत 2011 ला ती जगातनं संपल्याचं जाहीर झालं, देवीनंतर पूर्ण संपवलेला हा दुसराच रोग. पण आपला गोवर आहे ना, त्याचा व्हायरस हा बुळकांडीच्या व्हायरसचा जवळचा भाऊबंद, फार पूर्वी गुरांकडनंच माणसात आला असं शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे उडी मारतात ते, पण सगळेच नाही, आणि टोमॅटोवरनं तर नाहीच.

तर क्रेट शिल्लक असतील तर जरा गूळ जास्त घालून चटणी करा, आणि एक वाटी काकूंकडं पण पाठवा.